रॉक अल्बम स्टुडिओत जाण्याआधीच घडतो

माझगाव, भायखळा, परळ, लालबाग या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम वाजवणारी मुलं-मुली किती आहेत, ते कुठल्याही कॉलेजच्या महोत्सवात दिसतं. त्यातल्या बऱ्याच बँडकडे स्वतःची आठ-दहा गाणी असतात. अल्बम मात्र होत नाही. का, असं विचारलं की पैसे नाहीत, हे उत्तर ठरलेलं. अडचण खरी आहे, पण माझ्या मते ती दुसऱ्या नंबरची. स्टुडिओचं भाडं तासावर असतं. गाणं पुरतं ठरलेलं नसताना तिथे गेलं, की पैसे वाजवण्यावर कमी आणि वाद घालण्यावर जास्त जातात. दुसरं कडवं कापायचं का, सोलो किती लांब ठेवायचा, शेवट अचानक तोडायचा की विझत न्यायचा, हे सगळं जॅमरूममध्ये मिटवून आलेला बँड चार दिवसांत जे करतो, ते न मिटवता आलेल्या बँडला दोन आठवड्यांत जमत नाही.

साधनं तुटपुंजी असताना काय होऊ शकतं, याचं आपल्या शेजारचं उदाहरण रेमो फर्नांडिस यांचं. मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकलेला हा गोव्याचा गायक. मुंबईतल्या कंपन्यांनी नकार दिल्यावर त्यांनी शिवोलीच्या घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम केला. साल १९८४. वाद्यं त्यांनीच वाजवली, आवाज त्यांचेच, आणि तयार कॅसेट स्कूटरवरून दुकानांत पोचवल्या त्याही त्यांनीच. चार ट्रॅकवर काम करताना प्रत्येक आवाज घेण्याआधी तो हवा की नको हे ठरवावंच लागतं. आज लॅपटॉपवर शंभर ट्रॅक मिळतात आणि निर्णय पुढे ढकलायची सवय लागते. बीटल्सचा १९६७ मधला ‘सार्जंट पेपर’सुद्धा चार ट्रॅकच्याच यंत्रांवर झाला होता. ही शिस्त तुम्ही स्वतःवर लादून बघा. प्रत्येक गाण्यासाठी कागदावर लिहा: ड्रम, बास, दोन गिटार, मुख्य आवाज, एक साथीचा आवाज. यापलीकडे काही घालायचं असेल तर ते कशासाठी, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

माझगावातल्या पोरांना ही शिस्त परकी वाटायचं कारण नाही. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कितीतरी गोवेकर कलावंतांनी धोबीतलाव-माझगाव भागातल्या कुडांमधून (गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहांमधून) आणि चाळींमधून दिवस काढले. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी वाजवत असे. एकाची चूक झाली की पुन्हा सगळ्यांनी पहिल्यापासून. म्हणून प्रत्येकाच्या समोर स्वरलिपीचा कागद असे. तुम्हाला स्वरलिपी येत नसेल तरी चालेल, पण गाण्याचा नकाशा मात्र हवा: सुरुवातीच्या चार मात्रा कोण मोजणार, मुखडा किती आवर्तनांचा, कडव्यानंतर कॉर्ड कुठली, कुठे थांबायचं. एका गाण्याला एक पान पुरतं. त्याच पानावर लयीचा आकडा लिहा, मिनिटाला किती ठोके ते. सरावात तुम्ही उत्साहात १४० ला वाजवता आणि गाणाऱ्याचे शब्द १३२ लाच नीट सुटतात, हे आधीच कळलं तर पुढचं दुःख टळतं.

मराठीत लिहिणाऱ्या बँडसाठी इथे एक खास काम आहे, आणि त्यावर वेळ घालवावाच. रॉकचा स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. मराठी शब्दात जड अक्षर कुठे आहे ते बघून ओळ बसवावी लागते. ‘समुद्र’ म्हणताना जोर ‘मु’वर येतो, कारण पुढचं जोडाक्षर त्याला जड करतं. तुमचा ठोका ‘स’वर पडला तर शब्द अडखळतो, ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते कळत नाही, पण खटकतं. ओळ म्हणताना टाळी वाजवून बघा. टाळी आणि जड अक्षर एकत्र येत नसतील तर शब्द बदला किंवा ओळ अर्धी मात्रा पुढे सरकवा. ओवी आणि अभंग म्हणत वाढलेल्या कानाला हे उपजत कळतं, फक्त गिटारच्या आवाजात आपण ते विसरतो. मराठी घरातून इंग्रजी रॉककडे गेलेलं ठळक नाव म्हणजे नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी संगीतनाटकात ते जुडास झाले होते. तेव्हाच्या मानाने आज मराठीत रॉक ऐकणारा वर्ग कितीतरी मोठा आहे. शब्द नीट बसवले तर तो तुमच्याबरोबर म्हणतोसुद्धा.

आता जागा. माझगावातल्या जुन्या इमारतींना, माथारपाखाडीतल्या घरांना तर नक्कीच, लाकडी तुळया आणि लाकडी जमीन असते. बास ड्रमचा ठोका त्या तुळयांतून थेट खालच्या घरात जातो. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्याने खोलीतली थोडी खणखण कमी होते, एवढंच. आवाज अडवायला वजन लागतं आणि मधे हवेची पोकळी लागते, म्हणजे खोलीच्या आत खोली. भाड्याच्या घरात हा खर्च करू नका. ड्रम घरी रेकॉर्ड करायचा विचारच सोडून द्या. शेजाऱ्यांशी असलेले संबंध अल्बमपेक्षा जास्त वर्षं टिकवायचे असतात.

गिटार आणि आवाज मात्र घरी उत्तम होतात. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा, गादी उभी करा, गोधडी टांगा. गोधडी मायक्रोफोनच्या मागे टांगून बरेच जण निश्चिंत होतात. माईकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे त्याला गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. गोधडी तिथे हवी, गाणाऱ्याच्या पाठीशी आणि खांद्याच्या दोन्ही बाजूंना. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद. डॉकयार्ड रोडजवळ राहत असाल तर हार्बरची लोकल आणि गोदीतले आवाज धरूनच वेळ ठरवा. दुपारी दोन ते चार ही वेळ वस्तीत सगळ्यात शांत. रात्री दहानंतर मोठ्याने गाणं नियमातही बसत नाही आणि शेजारधर्मातही.

स्टुडिओ निवडताना ड्रमची खोली आधी बघा. महागडं मिक्सर, भिंतीवरच्या गिटारी, काचेमागचा सोफा, याने रॉक अल्बमचा आवाज ठरत नाही. त्या खोलीत उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. आवाज भिंतीभिंतींत फडफडत राहिला तर सिंबल तसेच फडफडतील. तिथेच झालेलं एखादं रेकॉर्डिंग मागा आणि नुसते ड्रम ऐकवा म्हणा. भाडं विचारताना ध्वनिमुद्रकाचे पैसे धरून आहेत का, ड्रमकिट स्टुडिओचं आहे का, मांडामांडीचा वेळ मोजतात का, आणि जीएसटी धरून आकडा किती, हे चारही प्रश्न एकदमच विचारून लेखी उत्तर घ्या.

तारखा ठरवताना पंचांग आणि पाऊस दोन्ही बघावेत. गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळमधून ड्रमकिट घेऊन टेम्पो काढणं अशक्यप्राय. पावसाळ्यात हवेच्या दमटपणाने गिटारची मान हलते आणि वातानुकूलित खोलीत शिरल्यावर तारांचा सूर पुन्हा हलतो. माझा सल्ला: जून ते सप्टेंबर लिहा आणि सराव करा, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत रेकॉर्डिंग. कुठल्याही मोसमात वाद्यं खोलीत नेल्यावर तासभर तशीच राहू द्या, मग सुरात लावा.

ड्रमचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. ड्रमची पानं, निदान स्नेअरची आणि टॉमची वरची, नवी हवीत आणि ती आदल्या दिवशीच चढवलेली हवीत. नवं पान ताणून बसायला वेळ घेतं, त्याच दिवशी चढवलं तर प्रत्येक टेकनंतर सूर उतरतो. ड्रमरचं स्टूल हलवून बघा. त्याचा करकर आवाज आणि किक पेडलच्या स्प्रिंगची किरकिर शांत जागी हमखास ऐकू येते, दोन थेंब तेलाने काम होतं. खिशातल्या किल्ल्या बाहेर. मग माईक. किटच्या वर जे दोन माईक टांगतात, त्या दोन्हींचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर सारखं असलं पाहिजे. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. माईकची केबल घ्या, एक टोक स्नेअरच्या मध्यावर बोटाने दाबा, पहिल्या माईकपर्यंत ताणा, तिथे चिमटीत धरा आणि तीच लांबी दुसऱ्या माईकला लावून बघा. अंतरात फरक असेल तर स्नेअरचा ठोका दोन माईकमध्ये थोड्या वेगळ्या क्षणी पोचतो, दोन्ही मिसळले की तो पातळ होतो आणि एका बाजूला झुकतो. नंतर मिक्सिंगमध्ये हे पूर्ण दुरुस्त होत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. ध्वनिमुद्रकाने केलं नाही तर नम्रपणे विनंती करा. त्यानंतर एकेका माईकची फेज उलटी करून ऐका आणि ज्यात खालचा आवाज भरदार वाटेल ती बाजू ठेवा.

ड्रम क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर, वाजवायचे का? पहिल्या अल्बमला हो, पण सरावात किमान महिनाभर क्लिक कानात घालून वाजवलेलं असेल तरच. क्लिकची सवय नसलेला ड्रमर स्टुडिओत घाबरत वाजवतो आणि तो घाबरटपणा गाण्यात उतरतो. तसं असेल तर क्लिक सोडून द्या, ड्रम, बास आणि एक गिटार एकाच वेळी वाजवा, ॲम्प मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा म्हणजे गिटार ड्रमच्या माईकमध्ये शिरणार नाही. खरं तर क्लिक असला तरी मला हीच पद्धत आवडते. माणसं एकमेकांकडे बघत वाजवतात तेव्हा येणारी धमक वेगवेगळ्या दिवशी वाजवून येत नाही. एका गाण्याला तीन-चार टेकमध्ये हवं ते मिळालं नाही तर पुढच्या गाण्याकडे वळा, दुपारी परत या. दिवसाला तीन गाण्यांहून जास्त ड्रम घेऊ नका, संध्याकाळी हात थकतात आणि ते ऐकू येतं.

बासला नव्या तारा, गिटारला प्रत्येक टेकआधी ट्यूनर. ॲम्पसमोर एक साधा, दणकट माईक, शुअरचा एसएम ५७, स्पीकरच्या मध्यापासून किंचित बाजूला. मध्यावर तो कर्कश लागतो आणि कडेला धूसर, म्हणून मित्राला बोटभर सरकवायला सांगत हेडफोनवर ऐका. त्याच वेळी गिटारचा कोरा सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर घ्या, पुढे आवाज बदलावासा वाटला तर तो पुन्हा ॲम्पमधून काढता येतो. डिस्टॉर्शन स्टेजवर लावता त्यापेक्षा कमी ठेवा. दोन गिटार एकमेकींवर चढवल्या की ते आपोआप दाट होतं.

गाण्याचा आवाज शेवटी. मराठीतली भ, फ, ध, ख ही अक्षरं माईकवर हवेचा झोत मारतात. तोंड आणि माईक यांच्यात वीतभर अंतर, मधे पॉप फिल्टर, आणि माईक ओठांच्या थेट समोर न ठेवता किंचित वर. ‘स’ आणि ‘श’ टोचत असतील तर तो आणखी जरा बाजूला वळवा. गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज फार मोठा दिला तर तो दबून गातो, कमी दिला तर ओरडतो. तो समतोल सापडेपर्यंत रेकॉर्ड दाबू नका. एका दिवसात दोन गाणी पुरेत, आणि आरडाओरड्याचं गाणं दिवसाच्या शेवटी.

फायलींचा हिशोब सांगून ठेवतो, कारण डिस्क भरल्यामुळे थांबलेलं रेकॉर्डिंग फार वाईट वाटतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकचा एक मिनिट साधारण ८.६ एमबी घेतो. २४ ट्रॅक, चार मिनिटांचं गाणं, म्हणजे एक टेक सुमारे ८३० एमबी. दहा गाण्यांचे प्रत्येकी दहा टेक ठेवले तर ८३ जीबी. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, आणि त्यातली एक बँडमधल्या दुसऱ्याच्या घरी.

मिक्सिंग शक्यतो बाहेरच्या कानाकडून करून घ्या. इंडस क्रीडकडे बघा. १९८४ मध्ये रॉक मशीन नावाने सुरू झालेला हा मुंबईचा बँड, महेश तिनईकर गिटारवर आणि उदय बेनेगल गायक. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, १९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं, आणि १९९५ च्या अल्बमनंतर थेट २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. गाणी फक्त आठ. पर्ल जॅमचा ‘टेन’ मिक्स करणाऱ्या टिम पामरकडे त्यांनी ते मिक्सिंगला दिलं. इतका अनुभवी बँडसुद्धा शेवटचा कान दुसऱ्याचा घेतो. तुमच्याकडे परदेशी माणसाचे पैसे नसतील, पण तुमच्या बँडमध्ये नसलेला, तुमच्या गिटारवादकाचा मित्र नसलेला कोणीतरी नक्की सापडेल. त्याला आवडत्या दोन रेकॉर्ड द्या, आणि दुरुस्त्या सगळ्यांनी मिळून एकाच यादीत पाठवा. चौघांनी चार वेगळे निरोप पाठवले की मिक्स बिघडतं. मिक्स हळू आवाजात ऐका, फोनच्या स्पीकरवर ऐका, टॅक्सीत ऐका. शब्द सगळीकडे कळले पाहिजेत. मास्टरिंग वेगळ्या माणसाकडे द्या आणि ‘अजून मोठं करा’ असा आग्रह धरू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण एकाच पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे चेपलेलं गाणं तिथे उलट किरकोळ वाटतं.

आता कागद. बँड फुटतात ते बहुधा याच कारणाने, म्हणून हा भाग रेकॉर्डिंगआधीच करायचा. आपल्या कायद्यात शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, आणि ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा, म्हणजे पैसे लावून ते घडवणाऱ्याचा. ड्रमरने गाण्याचा सगळा ढंग बदलला असला तरी लिहून दिल्याशिवाय त्याला चालीत वाटा मिळेलच असं नाही. तेव्हा प्रत्येक गाण्याला एक कागद: शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, खर्च कुणी किती दिला, चौघांच्या सह्या आणि तारीख. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला कायमचा लिहून देता येत नाही. करारात तसं कलम दिसलं तर सही करू नका, आधी वकिलाला दाखवा. मग आयपीआरएसचं सभासद व्हा. ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ पासून आहे, आणि तुमचं गाणं सार्वजनिक ठिकाणी वाजलं तर त्याचे पैसे तिच्यामार्फत येतात.

अभंगावर रॉक करणाऱ्यांना एक सूचना. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण श्रीनिवास खळ्यांनी लतादीदींसाठी बांधलेली चाल खळ्यांची आहे, आणि चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. खळे २०११ मध्ये गेले. शब्द घ्या, चाल स्वतःची बांधा. वारीत, भजनी मंडळात ऐकलेली चाल परंपरेची आहे की एखाद्या संगीतकाराची, तेही तपासून घ्या.

प्रकाशनाची तारीख मास्टर हातात आल्यावर ठरवा, आधी नको. स्ट्रीमिंग सेवांवर गाणी पोचवणाऱ्या वितरकाकडे ती महिनाभर आधी द्या. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख, मिळतो, तो तुमच्या वहीत उतरवून ठेवा. गाण्याचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत एकदाच ठरवा आणि सगळीकडे तसंच लिहा, नाहीतर एकाच गाण्याची दोन गाणी होतात आणि पैसे दोन खात्यांत विखुरतात. वाजवणाऱ्या प्रत्येकाचं, ध्वनिमुद्रकाचं आणि मदतीला आलेल्या मित्रांचंही नाव श्रेयनामावलीत घाला.

आणि शेवटचं. सत्तरच्या दशकात मुंबईत वाजवणाऱ्या बऱ्याच रॉक बँडचं नीट ध्वनिमुद्रण आज कुठेही मिळत नाही, ऐकणाऱ्यांच्या आठवणी तेवढ्या उरल्या आहेत. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवात वाजवलेल्या कित्येकांचीही तीच गत. तुमचे मास्टर, सुटे ट्रॅक, शब्दांचे कागद आणि सह्यांचे कागद तीन ठिकाणी जपून ठेवा, आणि कुठे ठेवलेत ते बँडमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.